धोक्याचा बावटा उभारणारा कप्तान

लंडनच्या ‘टाइम्स’ दैनिकात १ ऑगस्ट १८६१ रोजी हवामानाच्या आकड्यांच्या तक्त्याखाली मोजक्या ओळींचा एक मजकूर छापून आला. पुढील दोन दिवसांत ब्रिटनच्या उत्तर, पश्चिम आणि दक्षिण भागांत वारे कोणत्या दिशेने व किती जोराने वाहतील आणि आकाश कसे राहील, एवढेच त्यात सांगितले होते. वारे बेताचे, हवा सर्वत्र चांगली. मजकूर तसा नीरस होता. परंतु सर्वसामान्य वाचकांसाठी वृत्तपत्रात छापलेला हा पहिला शासकीय हवामान अंदाज मानला जातो. सकाळच्या चहाबरोबर ज्या चौकटीवरून वाचकाची नजर आज सहज फिरते, त्या चौकटीची सुरुवात या चार ओळींत आहे. तो अंदाज तयार करणारे गृहस्थ होते रिअर अ‍ॅडमिरल रॉबर्ट फिट्झरॉय. जगाला त्यांचे नाव ठाऊक आहे ते मात्र दुसऱ्याच कारणासाठी. चार्ल्स डार्विन यांना जगप्रवास घडविणाऱ्या ‘बीगल’ जहाजाचे ते कप्तान होते.

फिट्झरॉय यांचा जन्म ५ जुलै १८०५ रोजी इंग्लंडमधील सफोक परगण्यात अ‍ॅम्प्टन हॉल येथे झाला. घराणे मोठे. राजा दुसरा चार्ल्स याच्या अनौरस शाखेतून आलेले, ड्यूक ऑफ ग्राफ्टन यांचे हे कुळ. वयाच्या बाराव्या वर्षी मुलगा पोर्ट्समथच्या नाविक विद्यालयात दाखल झाला आणि १८२४ साली लेफ्टनंटपदाच्या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवून बाहेर पडला. असे यश त्यापूर्वी कोणी मिळविले नव्हते. या उजेडाला एक काळी किनार होती. त्यांचे मामा, ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री लॉर्ड कॅसलरे यांनी १८२२ साली आत्महत्या केली. तेव्हा फिट्झरॉय सतरा वर्षांचे होते. आपल्याही रक्तात तोच दोष उतरला असेल, ही भीती त्यांच्या मनातून पुढे कधीच गेली नाही.

‘बीगल’चे कप्तानपदही त्यांच्याकडे अशाच एका मृत्यूमुळे आले. दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी, मॅगेलनच्या सामुद्रधुनीत सर्वेक्षण करीत असताना जहाजाचे आधीचे कप्तान प्रिंगल स्टोक्स यांनी एकांताला व निराशेला कंटाळून ऑगस्ट १८२८ मध्ये स्वतःवर गोळी झाडून घेतली. रिओ दि जानेरो येथील नौदलप्रमुखांनी त्यांच्या जागी तेवीस वर्षांच्या फिट्झरॉय यांची नेमणूक केली.

पारा उतरला, शिडे उतरली नाहीत

नेमणुकीनंतर काही आठवड्यांतच, ३० जानेवारी १८२९ रोजी जहाज प्लेट नदीच्या मुखाजवळ माल्दोनादोपाशी होते. या भागात अर्जेंटिनाच्या गवताळ मैदानांवरून अचानक सुटणारा ‘पॅम्पेरो’ नावाचा वारा कुप्रसिद्ध आहे. जहाजावरच्या वायुभारमापकाचा पारा खाली आला होता. आकाशातही खुणा होत्या. तरुण कप्तानाने त्या पाहिल्या. पण शिडे वेळेवर उतरविण्याचा हुकूम सुटला नाही. वारा आला तेव्हा जहाज पार कलंडले, डोलकाठ्यांचे वरचे भाग मोडून पडले आणि दोरखंडांवर चढलेले दोन खलाशी समुद्रात फेकले जाऊन बुडाले. जहाज वाचले, पण या दोन माणसांच्या मृत्यूचा दोष फिट्झरॉय यांनी स्वतःकडे घेतला. पाऱ्याने आधी सांगितले होते आणि आपण ऐकले नाही, ही खंत पुढील छत्तीस वर्षे त्यांच्या कामाच्या मुळाशी राहिली. त्यांच्या चरित्राचा धागा हाती धरायचा असेल तर तो डार्विनपासून नव्हे, या घटनेपासून धरावा लागतो.

वायुभारमापक, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला बॅरोमीटर, हे तसे साधे यंत्र. डोक्यावरच्या हवेला वजन असते. त्या वजनाने भांड्यातील पारा काचेच्या नळीत वर ढकलला जातो. समुद्रसपाटीला त्याची उंची साधारण ३० इंच भरते. वरची हवा कमी झाली की पारा उतरतो, साचली की चढतो. एखाद्या ठिकाणी दाब झपाट्याने उतरू लागला की भोवतालची हवा तिकडे धाव घेणार, हे नाविकांना अनुभवाने माहीत होते. मात्र एका जहाजावरचा पारा फक्त त्या जहाजाच्या डोक्यावरची गोष्ट सांगतो. शंभर मैलांवर काय चालले आहे, वादळ जवळ येत आहे की दूर जात आहे, हे त्याला एकट्याला सांगता येत नाही. ही अडचण दूर व्हायला टेलिग्राफच्या तारा याव्या लागल्या.

‘बीगल’ची दुसरी सफर २७ डिसेंबर १८३१ रोजी प्लिमथहून सुरू झाली आणि २ ऑक्टोबर १८३६ रोजी फालमथ येथे संपली. तिच्याविषयी इतके लिहिले गेले आहे की येथे विस्तार नको. स्टोक्स यांच्या वाट्याला आलेला एकांत आपल्याला गिळून टाकील, या भीतीपोटी कप्तानाने बरोबर एखादा सुशिक्षित सोबती मागितला आणि बावीस वर्षांचे डार्विन जहाजावर आले. जहाजावर २२ कालमापके होती, विजेपासून संरक्षण देणारे तांब्याचे वाहक होते आणि वाऱ्याचा जोर आकड्यांत नोंदविण्याची ब्यूफोर्ट यांची पद्धत या सफरीत काटेकोरपणे वापरली गेली. कप्तानाचा स्वभाव शिस्तीचा आणि तितकाच तापट. सकाळी पहारा बदलताना कनिष्ठ अधिकारी आज गरम कॉफी किती वाढली गेली, असे एकमेकांना सांकेतिक भाषेत विचारीत. मनाने ते उदारही होते. सर्वेक्षण लवकर व्हावे म्हणून त्यांनी स्वतःच्या पैशाने दुसरे गलबत विकत घेतले. नौदलाने तो खर्च नाकारला. गलबत विकावे लागले आणि वालपाराइसो येथे १८३४ साली त्यांचे मन इतके खचले की त्यांनी काही काळ कप्तानपदच सोडून दिले होते. सरकारी कामासाठी खिशातून पैसा घालण्याची ही सवय अखेरपर्यंत सुटली नाही.

परतल्यानंतर रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. १८४१ साली डरहॅममधून ते संसदेत निवडून गेले आणि १८४३ साली न्यूझीलंडचे गव्हर्नर झाले. त्याच वर्षी वैराऊ येथे जमिनीच्या वादातून माओरी व गोरे वसाहतवाले यांच्यात चकमक होऊन २२ वसाहतवाले मारले गेले होते. चूक आपल्याच माणसांची होती, असा निवाडा नव्या गव्हर्नरांनी दिला. निवाडा न्याय्य होता. वसाहतवाल्यांनी तो कधीच विसरला नाही. तिजोरीत खडखडाट आणि उत्तरेत बंड, अशा स्थितीत १८४५ साली त्यांना परत बोलावण्यात आले. १८५० साली त्यांनी नौदलातील प्रत्यक्ष सेवा सोडली. पत्नी मेरी १८५२ साली निवर्तली. वय पन्नाशीकडे झुकलेले, पदरी मुले, शिल्लक आटत चाललेली. सार्वजनिक जीवन संपल्यातच जमा होते.

तीन माणसांचे खाते

संधी आली ती १८५४ साली. आदल्या वर्षी ब्रुसेल्स येथे समुद्री राष्ट्रांची परिषद भरली होती आणि जहाजांनी वाऱ्याच्या व हवेच्या नोंदी एकाच पद्धतीने ठेवाव्यात, असे तीत ठरले होते. त्यासाठी ब्रिटनच्या व्यापार मंडळात एक लहानसे हवामान खाते उघडण्यात आले. फिट्झरॉय त्याचे प्रमुख झाले. हाताखाली तीन माणसे. काम सांख्यिकीचे, म्हणजे जहाजांना तपासलेली यंत्रे द्यायची, नोंदी गोळा करायच्या आणि त्यांतून जहाजांचा प्रवास कमी दिवसांत कसा होईल ते सांगणारे वाऱ्यांचे नकाशे काढायचे. उद्याची हवा सांगणे हे या कामात कुठेही नव्हते. त्याच साली एका सदस्याने संसदेत, लंडनची हवा चोवीस तास आधी कळू शकेल, असे म्हटल्यावर सभागृहात हशा पिकला होता.

फिट्झरॉय यांनी काम मुकाट्याने केले, पण त्यांची नजर नकाशांपलीकडे होती. मोठ्या जहाजांवर यंत्रे असतात. लहान होडीतून पहाटे मासेमारीला जाणाऱ्याकडे काय असते? त्यांनी किनाऱ्यावरच्या गरीब कोळीवस्त्यांत सरकारी वायुभारमापक बसविण्याचा कार्यक्रम हाती घेतला. यंत्र मजबूत, आकडे ठळक, वाचायला सोपे. धक्क्याजवळच्या भिंतीवर ते टांगलेले असे आणि समुद्रावर जाण्यापूर्वी ते पाहावे, अशी अपेक्षा असे. वापरासाठी त्यांनी लहानशी पुस्तिकाही लिहिली.

या पुस्तिकेत एक महत्त्वाची दुरुस्ती होती. घरोघरच्या बॅरोमीटरवर त्या काळी पाऱ्याच्या उंचीप्रमाणे वादळ, पाऊस, बदल, चांगली हवा असे शब्द कोरलेले असत. या शब्दांवर विसंबू नका, असे फिट्झरॉय यांनी बजावले. पारा किती उंचीवर आहे, यापेक्षा तो चढतो आहे की उतरतो आहे आणि किती वेगाने, याला अर्थ आहे. वारा कोणत्या दिशेचा आहे आणि हवा किती ओलसर आहे, हेही पाहिले पाहिजे. उत्तर व पूर्वेकडच्या कोरड्या वाऱ्याला पारा चढतो, दक्षिण व पश्चिमेकडच्या ओल्या वाऱ्याला उतरतो, असा नियम त्यांच्या नावाच्या यंत्रांवर नंतर कोरला जाऊ लागला. तो ब्रिटनपुरता खरा आहे.

शब्द किती फसवे असतात याचे उत्तम उदाहरण धुक्याचे आहे. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात कित्येकदा पारा खूप उंच जाऊन बसतो. जुन्या तबकडीप्रमाणे तो चांगल्या हवेचा दाखला. बाहेर मात्र हाताला हात दिसत नाही. याचे कारण उच्च दाबाच्या क्षेत्राच्या रचनेत आहे. तेथे वरची हवा सावकाश खाली उतरते, उतरताना दाबली जाऊन तापते आणि जमिनीलगतच्या गार हवेवर झाकणासारखी बसते. नकाशावर समान दाबाच्या रेषा एकमेकींपासून दूर असतात, म्हणून वारा जवळजवळ पडलेला असतो. ढग नसल्यामुळे रात्री जमीन आपली उष्णता वेगाने गमावते. तिला लागून असलेली ओलसर हवा दवबिंदूपर्यंत थंड झाली की तिच्यातील बाष्पाचे सूक्ष्म थेंब होतात आणि धुके धरते. वारा अगदीच नसेल तर ते जमिनीला चिकटून दव म्हणून उतरते, झुळूक असेल तर दाट थर बनतो आणि जोराचा वारा आला की विरून जाते. कमी दाबाच्या क्षेत्रात रेषा दाटीने येतात, वारा घुसळण करतो, ढग रात्रीची उष्णता धरून ठेवतात आणि असे धुके सहसा टिकत नाही. उबदार ओली हवा थंड समुद्रावर सरकली की होणारे धुके निराळे. त्याला वारा लागतोच, आणि तो कोणत्या दिशेने येणार हेही पुन्हा दाबाची मांडणीच ठरविते. दिल्ली विमानतळाला जानेवारीत वेठीला धरणारे धुके पहिल्या घराण्यातले. डिसेंबर १८५२ नव्हे, तर बरोबर शतकानंतर, ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत लंडनवर उच्च दाब ठाण मांडून बसला आणि झाकणाखाली कोंडलेल्या धूरमिश्रित धुक्याने हजारो लोकांचे प्राण घेतले. पारा त्या दिवसांत चढलेलाच होता.

म्हणजे एका ठिकाणचा आकडा पुरेसा नाही. त्याची चढउतार पाहिजे आणि त्याहीपेक्षा आजूबाजूच्या ठिकाणचे आकडे त्याच वेळी हाताशी पाहिजेत. दाबाचा नकाशा पाहिजे. फिट्झरॉय यांना हे उमगत होते. पण शासनाला पटविण्यासाठी मोठा घाला पडावा लागला.

‘रॉयल चार्टर’

ऑस्ट्रेलियाच्या सोन्याच्या खाणींवर नशीब काढून परतणाऱ्या उतारूंना घेऊन ‘रॉयल चार्टर’ हे जहाज ऑगस्ट १८५९ मध्ये मेलबर्नहून निघाले होते. पोटात सोन्याच्या पेट्या, उतारूंच्या कमरपट्ट्यांत आणखी सोने. दोन महिन्यांनी लिव्हरपूल बंदर अवघ्या काही तासांवर आले असताना २५ ऑक्टोबरच्या संध्याकाळी वेल्सच्या अँगलसी बेटाजवळ वादळाने त्याला गाठले. नांगर टाकले, रात्री साखळ्या तुटल्या. २६ तारखेच्या पहाटे जहाज मोलव्हरे गावाजवळच्या खडकांवर आदळून फुटले. किनारा हाकेच्या अंतरावर होता. साडेचारशेच्या आसपास माणसे मरण पावली, वाचली ती चाळीसएक. त्यांत एकही स्त्री नव्हती, एकही मूल नव्हते. त्या एकाच वादळात ब्रिटनच्या किनाऱ्यांवर १३३ जहाजे बुडाली आणि सुमारे ८०० लोक दगावले.

फिट्झरॉय यांनी दीपगृहांचे रखवालदार, वेधशाळा आणि जहाजांचे कप्तान यांच्याकडून त्या दोन दिवसांच्या नोंदी मागविल्या. दाब, तापमान, वारा असे सारे आकडे एकेका वेळेच्या नकाशावर मांडले. चित्र स्पष्ट झाले. कमी दाबाचे एक केंद्र आणि त्याभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरणारे वारे, असा तो भोवरा कॉर्नवॉलकडून इंग्लंड ओलांडत उत्तर समुद्राकडे सरकला होता. अशा भोवऱ्यांना ‘सायक्लोन’ हे नाव कलकत्त्यात राहणारे हेन्री पिडिंग्टन यांनी १८४८ साली बंगालच्या उपसागरातील वादळांचा अभ्यास करताना दिले होते. वाऱ्याकडे पाठ केली की डाव्या हाताला कमी दाब असतो, हा नियम नेदरलँड्सचे बॉइस बॅलट यांनी १८५७ साली मांडला होता. वादळ युरोपभर प्रवास करीत येते आणि तारेने त्याच्या पुढे धावता येते, हे फ्रान्सचे ल व्हेरिए यांनी क्रिमियाच्या युद्धातील जहाजे बुडविणाऱ्या १८५४ च्या वादळावरून दाखविले होते. ज्ञान तुकड्यातुकड्यांनी होतेच. ते कामाला जुंपणारी व्यवस्था ब्रिटनमध्ये नव्हती. वादळ दक्षिण किनाऱ्यावर आदळल्यानंतर अँगलसीला पोहोचेपर्यंत काही तास गेले होते. तार तर क्षणात पोहोचते.

शासनाने अखेर परवानगी दिली. सप्टेंबर १८६० पासून किनाऱ्यावरील ठाण्यांचे आकडे रोज सकाळी तारेने लंडनला येऊ लागले. समुद्रसपाटी व तापमान यांच्यासाठी आवश्यक त्या दुरुस्त्या करून आकडे एका तक्त्यावर मांडले जात आणि अर्ध्या-पाऊण तासात निर्णय होई. वादळाची चिन्हे असतील तर संबंधित बंदरांना उलट तार जाई. तेथे कॅनव्हासचा काळा शंकू आणि पिंप डोलकाठीवर चढविले जाई. शंकूचे टोक वर असेल तर वादळ उत्तरेकडून, खाली असेल तर दक्षिणेकडून. पिंप जोडीला आले तर धोका मोठा. रात्री हीच आकृती कंदिलांनी दाखविली जाई. कोकण किनाऱ्यावरील वाचकाला हे वाचताना बंदरावरचे नंबरी बावटे आठवतील, आणि ते योग्यच आहे. शंकू व पिंपांची ही भाषा पुढे भारतीय बंदरांवरही आली. कलकत्त्याच्या १८६४ सालच्या भीषण चक्रीवादळानंतर १८६५ मध्ये तेथे वादळाचे इशारे देण्यास प्रारंभ झाला. भारतीय हवामान खाते स्थापन झाले ते त्यानंतर दहा वर्षांनी.

पहिला इशारा ६ फेब्रुवारी १८६१ रोजी गेला. ईशान्य किनाऱ्यावर अनेकांनी तो मनावर घेतला नाही. ९ तारखेला वादळ आले आणि त्या किनाऱ्यावर जहाजांमागून जहाजे फुटली. व्हिटबी येथे दिवसभर एकेका जहाजावरच्या माणसांना सोडवून आणणारी बचावनौका अखेरच्या फेरीत उलटून तिच्यावरील तेरापैकी बारा जण बुडाले. त्यानंतर शंकूकडे पाहण्याची कोळ्यांची दृष्टी बदलली.

अंदाज आणि भविष्य

इशारे देण्यासाठी आकडे रोज येत होतेच. त्यांतून वादळ नसलेल्या दिवसांची हवाही सांगता येईल, असे फिट्झरॉय यांना वाटले. त्यांनी ते सुरू केले, वरिष्ठांनी सांगितले म्हणून नव्हे. शब्दही त्यांनी विचारपूर्वक निवडला. भविष्यकथन, भाकीत या शब्दांना पंचांगाचा आणि चंद्राच्या कलांवरून वादळ वर्तविणाऱ्यांचा वास होता. त्याऐवजी ‘फोरकास्ट’ हा शब्द त्यांनी रूढ केला. निरीक्षण आणि हिशेब यांवरून बांधलेला तर्क, एवढाच त्याचा दावा.

वाचकांनी हा भेद मानला नाही. अंदाज बरोबर आला की कोणी बोलत नसे. सहलीच्या दिवशी पाऊस पडला की टवाळी होई. ‘टाइम्स’ एकीकडे अंदाज छापी आणि दुसरीकडे त्यांची जबाबदारी झटकून थट्टाही करी. संसदेत तारांच्या खर्चावर प्रश्न येत. दुसऱ्या टोकाला खुद्द राणी व्हिक्टोरिया आइल ऑफ वाइटकडे निघण्यापूर्वी समुद्र कसा राहील ते विचारायला त्यांच्या घरी माणूस धाडीत असे. फिट्झरॉय प्रत्येक टीकेला पत्राने उत्तर देत राहिले. १८६३ साली त्यांचा हवामानावरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ध्रुवाकडचे थंड आणि विषुववृत्ताकडचे उबदार प्रवाह शेजारून वाहतात आणि त्यांच्या सीमेवर भोवरे उठतात, असे चित्र त्यांनी त्यात काढले होते. पहिल्या महायुद्धानंतर नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी वादळांची जी उपपत्ती मांडली, तिची चाहूल या चित्रात दिसते. त्या काळच्या विद्वानांना मात्र ते सिद्धांत म्हणून कच्चे वाटले. त्यांचेही सर्वस्वी चुकत नव्हते. अटलांटिकवर एकही ठाणे नाही, वरच्या हवेचे एकही मोजमाप नाही आणि आकड्यांवरून अंदाज कसा निघाला याचा लेखी नियम नाही. अंदाज कप्तानाच्या अनुभवी नजरेत होता, कागदावर नव्हता.

फ्रान्सिस गाल्टन हे या टीकाकारांत प्रमुख. त्यांनीच १८६३ साली आपल्या नकाशांवरून उच्च दाबाची, बाहेरच्या बाजूला घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वारे फेकणारी क्षेत्रे ओळखून त्यांना ‘अँटिसायक्लोन’, म्हणजे प्रत्यावर्त, हे नाव दिले. वादळाच्या भोवऱ्याचा पाठपुरावा एकाने करावा आणि धुक्याच्या निवांत घुमटाला नाव दुसऱ्याने द्यावे, आणि दोघांचे जमू नये, हा योग विज्ञानाच्या इतिहासात विरळा नाही.

याच काळात आणखी एक शल्य होते. फिट्झरॉय निस्सीम धार्मिक होते. जून १८६० मध्ये ऑक्सफर्ड येथे ब्रिटिश वादळांवर निबंध वाचण्यासाठी ते गेले होते. डार्विन यांच्या सिद्धांतावरील प्रसिद्ध वादविवाद त्याच अधिवेशनात झाला. सभेत करड्या केसांचा हा दर्यावर्दी बायबल हाती धरून उभा राहिला आणि त्याने आपल्या जुन्या सोबत्याच्या ग्रंथाचा निषेध केला. सभागृहाने त्यांच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. आपणच त्या माणसाला जगभर फिरवून आणले, ही बोच त्यांना होती.

पदोन्नतीतही निराशा वाट्याला आली. १८५७ साली व्यापार मंडळातील वरिष्ठ नाविक पद त्यांना हवे होते. ते मिळाले बार्थोलोम्यू सुलिव्हन यांना, ‘बीगल’वर त्यांच्याच हाताखाली काम केलेल्या अधिकाऱ्याला. कानांनी कमी ऐकू येऊ लागले. झोप उडाली. १८६५ च्या वसंतात डॉक्टरांनी काम थांबवायला सांगितले आणि कुटुंब लंडनच्या दक्षिणेला अपर नॉरवुड येथे राहायला गेले. पण मन कार्यालयातच होते. २९ एप्रिल रोजी ते लंडनला जाऊन ब्रुसेल्स परिषदेचे प्रवर्तक, अमेरिकन नाविक मॅथ्यू मॉरी यांचा निरोप घेऊन आले. दुसऱ्या दिवशी, ३० एप्रिलला, रविवार होता. चर्चला जाण्याच्या तयारीच्या वेळी त्यांनी मुलीचा मुका घेतला, शेजारच्या खोलीत जाऊन दार आतून लावले आणि स्वतःच्या हाताने जीवन संपविले. ते ५९ वर्षांचे होते.

मृत्यूनंतर घरात पैसा उरला नसल्याचे आढळले. गलबत, सर्वेक्षण, न्यूझीलंड, खाते अशा साऱ्यांत वडिलोपार्जित संपत्ती खर्ची पडली होती. सुलिव्हन यांनी पुढाकार घेऊन कुटुंबासाठी निधी उभारला. डार्विन यांनी त्यात १०० पौंड दिले. राणीने विधवा मारिया यांना हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात राहायला जागा दिली.

खात्याची चौकशी गाल्टन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली. दैनंदिन अंदाजांना शास्त्रीय आधार नाही, असा अहवाल १८६६ साली आला आणि अंदाज बंद झाले. त्या वर्षाच्या डिसेंबरात शंकू आणि पिंपेही डोलकाठ्यांवरून उतरली. येथे मात्र विद्वानांचा हिशेब चुकला. नियम लेखी आहे की नाही, याच्याशी मासेमाराला कर्तव्य नव्हते. इशारा मिळाल्यावर आपण धक्क्यावर थांबलो आणि वाचलो, हे त्याने अनुभवले होते. बंदराबंदरांतून तक्रारी सुरू झाल्या, संसदेत प्रश्न आले आणि १८६७ साली वादळाचे इशारे पुन्हा सुरू करावे लागले. १ एप्रिल १८७५ रोजी ‘टाइम्स’ने पहिला हवामान नकाशा छापला, तो गाल्टन यांनी काढला होता. वृत्तपत्रांना अंदाज पुन्हा मिळू लागले ते १८७९ साली, फिट्झरॉय यांच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी.

ब्रिटनचे हवामान खाते २००३ साली एक्झेटर येथील नव्या इमारतीत गेले, तेव्हा तिच्या रस्त्याला फिट्झरॉय यांचे नाव देण्यात आले. त्याआधी ४ फेब्रुवारी २००२ रोजी आणखी एक नामकरण झाले होते. जहाजांसाठी रेडिओवरून दिल्या जाणाऱ्या हवामानवृत्तात ब्रिटनभोवतालचा समुद्र विभागांत वाटलेला असतो. त्यांपैकी स्पेनच्या वायव्येकडील ‘फिनिस्टेर’ हे नाव स्पेनही वेगळ्या हद्दीसाठी वापरीत असल्याने घोटाळा होत होता. ते बदलून ‘फिट्झरॉय’ करण्यात आले. माणसाचे नाव लाभलेला तो त्या यादीतील एकमेव विभाग. नाव उच्चारल्यावर निवेदक आधी वाऱ्याची दिशा व जोर सांगतो, मग समुद्राची स्थिती, मग हवा आणि शेवटी दृश्यमानता. धुके असेल तर ते या शेवटच्या शब्दांत कळते.